कावळ्याऐवजी

२ सप्टेंबर १९९७
पोहोचलो. विमानतळावर कंपनीचा माणूस माझ्या नावाची पाटी धरून उभा होता. नाव असं लिहिलं होतं की दोनदा वाचून मगच मी तो मीच असल्याचं मान्य केलं. त्याने हसतमुखाने पासपोर्ट मागितला आणि खिशात टाकला. तो आता कंपनीतच राहणार, असं कळलं. पुण्याच्या वृत्तपत्रातली वार्ताहरकी सोडून, बावन्नाव्या वर्षी तेलाच्या देशात इंग्रजी पत्रं लिहायला आलेला संस्कृतचा एम. ए.: हा समास अजून कुणी सोडवलेला नाही. खोलीत सोबतीला राजन, नाशिकचा, शुऐबा गावच्या तेल कारखान्यात इंजिनियर. दारातच त्याने माझं 'शास्त्रीबुवा' असं बारसं केलं आणि आमटी वाढली. आमटीत गूळ होता. देश चांगला आहे.

१२ सप्टेंबर
एसीने गुडघे धरले. तो खिडकीत बसवून भोवती फळ्या ठोकल्या आहेत, त्यामुळे खोलीची खिडकी उघडतच नाही. शेवटी चूर्ण काढलं. माझा वर्गमित्र जयप्रकाश वैद्यकी करतो, त्याने वर्षाचा साठा दिलाय. चिमूटभर मधातून घेतलं आणि सकाळी जिना धावत उतरलो. राजन म्हणाला, शास्त्रीबुवा, इतक्या झटपट गुण येतो म्हणजे यात काहीतरी भानगड आहे. मी म्हणालो, भानगडी तुमच्या कारखान्यात होतात, आयुर्वेदात योग असतात.

२६ सप्टेंबर
वडिलांची तिथी. पान वाढलं, पण कावळा आणायचा कुठून? स्वयंपाकघराच्या खिडकीतून हात लांबवून एसीच्या पाठीवर घास ठेवला आणि बराच वेळ काव काव केलं. समोरच्या इजिप्शियन बाईंनी मुलांना आत नेलं. अखेर एक पारवा घासाला शिवला. राजनचं म्हणणं, परदेशात सगळंच बदलून मिळतं, पक्षीही चालायचा.

१७ ऑक्टोबर
पारवे आता रोज सहकुटुंब येतात. भात टाकतो, वडिलांना नको कसं म्हणायचं? एसीवर त्यांच्या विष्ठेचा जाड थर वाळला होता, तो आज कोरडाच खरवडून झाडला. गिरणीत उडते तशी धूळ उडाली आणि एसीने आपला वाटा आत ओढला. दिवसभर शिंकलो. बायकोला, शामलाला, फोटो पाठवला होता. ती फोनवर म्हणाली, अहो, गाल केवढे फुगलेत, तिकडे नुसतं जेवताच की काय?

२१ नोव्हेंबर
डोकेदुखी जात नाही. बारीक ताप. चूर्ण दुप्पट केलं. बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

२ डिसेंबर
राजनने जाब्रिया भागातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर शर्वरी साताऱ्याच्या, बोलणं तिखट. त्यांनी विचारलं, मधुमेह आहे? स्टिरॉइड घेता? गावठी पुड्या, चूर्णं? घराशी कबुतरं? त्यांच्या वाळल्या विष्ठेतली बुरशी श्वासातून आत जाते म्हणे. धडधाकट माणूस ती पचवतो; ज्याची प्रतिकारशक्ती औषधाने वा रोगाने दबली, त्याच्या मेंदूच्या आवरणापर्यंत ती पोहोचते. चूर्णांत बरेचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, असंही म्हणाल्या. माझ्या गालांकडे फार वेळ बघत होत्या.
मी सगळ्याला नाही म्हणालो. जयप्रकाश असं करणार नाही. शिवाय दवाखान्याचा कागद कंपनीकडे जातो, राहण्याच्या परवान्यावर अजून शिक्का पडायचाय; आजारी माणसाला परत धाडतात. कण्यातून पाणी काढून तपासू म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणून उठलो. बाहेर आल्यावर राजनकडून वचन घेतलं, चूर्णाचं कुणाजवळ बोलायचं नाही.

७ डिसेंबर
मान वाकत नाही. उजेड सोसवत नाही. दोन राजन दिसतात. एकच पुरेसा होता. तो म्हणतो, इस्पितळात चला. मी म्हणालो, शिक्का पडू दे. पासपोर्टच्या माणसाला फोन केला की तो हसऱ्या आवाजात उद्या म्हणतो.

९ डिसेंबर
खिडकीच्या फळ्यांमागे घूं घूं. सारखं. राजनला ऐकू येत नाही.
चूर्ण एक दिवस बंद केलं. उठताच येईना. पुन्हा घेतलं. न घेऊन सुटका नाही, आणि घेऊन—

११ डिसेंबर
आता खात्री आहे, चूर्णात स्टिरॉइडच आहे. शर्वरीबाईंना सांगायला हवं. सांगितलं तर त्या नेमकं औषध देतील. फोन लावला—आकडे जोडीने हलतात. कुणी अरबीत रागावलं. ठेवला.

१३ डिसेंबर
काल जिन्यात सापडलो म्हणे. शेजाऱ्यांची दारं ठोठावत होतो. मला आठवत नाही. म्हणून राजनने बाहेरून कुलूप लावलंय. डॉक्टरांना घेऊनच येतो म्हणाला.
स्वयंपाकघरातून पाहिलं. एसीवर एकही पारवा नाही. थंडीत एसीही बंद. तरी घूं घूं—
उशीने कान दाबले. वाढलं.
बाहेरून नाहीच ते.

१३, नंतर
दोघं आलेत. शर्वरीबाई पुन्हा तेच विचारताहेत. मी सांगतोय. चूर्ण घेतो, पारव्यांना भात टाकला, खोटं बोललो. नीट, सावकाश सांगतोय. त्या राजनकडे बघतात. राजन मागे सरकला—
माझ्या तोंडातून घूं घूं येतंय. त्यांना तेवढंच ऐकू—
वाचा गेली म्हणाल्या. काही घेत होते का, राजनला विचारतात. तो नाही म्हणतो. माझी लाज राखतोय, वेडा—
हात अजून माझा आहे. वही पुढे करतो. डॉक्टर, मी चूर