खोबरेलानं जाम झालेली मशीन

अण्णा, आईनं शिलाई मशीनमध्ये खोबरेल ओतलं. हो, डोक्याला लावायचं खोबरेल. जन्मभर तुमची, मशीनच्या मिस्त्रीची बायको म्हणून मिरवली, शेजारणींना "मशीनला मशीनचंच तेल घाला गं" असं बजावत आली, आणि आता हातातली बाटली कशाची हेही तिला कळत नाही. तेल आत सुकून डिंकासारखं धरलं, मशीन जाम झाली. तिनं जोर लावून चाक फिरवलं, तर आतल्या, खालच्या दोऱ्याची बॉबीन धरणाऱ्या शटलचं टोकच मोडलं. मला ती ओळखत नाही, "बाई" म्हणते. पण मशीनवर बसली की शांत असायची, हात बरोबर चालायचे. आता दिवसभर स्वतःचा पदर उसवत बसते. एवढं एकच उरलं होतं हो तिला!

त्या जातीचं शटल आता निघतच नाही. जुम्मेरात बाजारात भंगारातनं एक मिळालं, काळ्या मळानं पार लिंपलेलं. "कायकू परेशान होरे आपा, नवी मशीन लेलेव," भंगारवाला म्हणाला. नवीवर तिचा हात बसत नाही, हे त्याला काय सांगू? घरी आणलं आणि तुमचं जामबागचं मशीन दुरुस्तीचं दुकान आठवलं. मी स्टुलावर बसून ब्लेडनं मळ खरवडतेय, आणि तुम्ही खेकसता, "नक्को! मळ काढतेस का लोखंड सोलतेस? रॉकेलात टाक अन् गप बस." मग माझं बोट धरून ब्लेडनं उठलेल्या ओरखड्यावरून फिरवता. "इथं दोरा अडकणार आता."

म्हणून तुमच्याच पद्धतीनं केलं. रॉकेल कुठलं मिळतंय आता. रंगाच्या दुकानातनं टर्पेंटाइन आणलं. मशीन उघडून आतलं खोबरेल सोडवलं, शटल भिजत घातलं, वाट पाहिली, जुन्या टूथब्रशनं आणि बांबूच्या काडीनं हळूहळू मळ काढला. एक ओरखडा उठू दिला नाही. आज सकाळी पुसून उजेडात धरलं, तर टोक गंजानं खाल्लेलं, नुसते खड्डे. तरी बसवून पाहिलं. टाका पडायच्या आत दोरा तुटतो. फार राग आला तुमचा. मळ काढायला शिकवलंत, पण मळाखाली काही उरलंच नसेल तर काय करायचं, ते नाही शिकवलंत.

तुम्हीच राहिला नाहीत, हे पत्र कुठं टाकणार, कागदावर बडबडतेय झालं. दुपारी आईनं विचारलं, "बाई, झाली का मशीन?" होणार नाही, असं सांगणार होते. म्हटलं, "मिस्त्री पार्ट आणायला गेलेत. येतील." किती दिवसांनी हसली, अण्णा. पदर सोडला, केस सारखे केले. तेव्हापासून ती बाहेरचं दार लावू देत नाही.