चॅम्पची सही

३ मार्च, सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. मोठं काहीतरी घडणार आहे, त्याची नोंद हवी.

पेपरात खेळाच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात चार ओळी: टेबल टेनिसची आंतरराष्ट्रीय स्पर्धा, एकवीस तारखेपासून, आपल्याच शहरात. खेळाडूंमध्ये तिसरं नाव चॅम्पचं. चॅम्प म्हणजे माझी मुलगी. जगात एकोणिसावी. तिला कुणी घडवलं ते पेपरवाल्यांनी दिलेलं नाही. जागा कमी पडली असेल.

सहा वर्षांनी येतेय. मधे जमलं नाही तिला, बिझी असते. सौ. पण तिच्याबरोबरच असते. पोरीच्या खाण्यापिण्याचं बघायला म्हणून गेली ती तिकडेच राहिली. मुलगी एवढी मोठी झाल्यावर आईला गुंतावं लागतंच.

ठराव: भेटायचं. मोठ्या मनाने. जुनं काही उकरायचं नाही. तिने माफी मागायला सुरुवात केली तरी मधेच थांबवायचं.

हॉलमधलं टेबल पुसलं. हॉलमध्ये टेबलच आहे, बाकी काही मावत नाही. जाळीच्या अलीकडे माझं जेवण, इस्त्रीचे कपडे, बीपीच्या गोळ्या. पलीकडची बाजू मी रिकामी ठेवतो. ती तिची बाजू.

४ मार्च

चॅम्पला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणे. फोन कंपन्यांचा कारभार दिवसेंदिवस भोंगळ होत चाललाय.

६ मार्च

ताईचा फोन. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चॅम्पशी आणि सौ.शी तिचं बोलणं असतं. मला उगाच त्रास नको म्हणून सांगत नाही, पण असतं.

बेत सांगितला. ताई म्हणाली, "आधी विचार तरी, तिला भेटायचंय का." म्हटलं, "पोटच्या पोरीला भेटायला परवानगी लागते?" ताई म्हणाली, "लागते कधी कधी."

ताईने जन्मात रॅकेट हातात धरलेली नाही. तिच्याशी खेळावर बोलण्यात अर्थ नाही.

९ मार्च, रविवार

काय बोलायचं ते लिहून काढायला बसलो. पहिलं वाक्य: "बॅकहँडबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही." पुढे बॅकहँडबद्दल साडेतीन पानं झाली. फाडली. नंतर चिकटवली, कारण मुद्दे बरोबर होते.

दुपारी अभ्यास. भेटायचं कुठे, हा प्रश्न. मॅचनंतर खेळाडू सह्या देतात, तिथेच गाठता येईल. म्हणून सह्या देणारे खेळाडू मोबाईलवर बघितले. एकेक नमुने! एकजण चालता चालता सही करतो, कुणाच्या वहीवर तेसुद्धा बघत नाही. एकीने गर्दी दिसताच फोन कानाला लावला. स्क्रीन काळी होती, मला स्पष्ट दिसली. एकाने लहान पोराचं पेन घेतलं, सही केली आणि पेन खिशात घालून गेला.

आणि आमची चॅम्प! खुर्चीत बसून शेवटच्या माणसापर्यंत. दीड तास. प्रत्येकाचं नाव विचारते, डोळ्यांत बघते, दोन शब्द बोलते. एका मुलाखतीत विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाली, नऊ वर्षांची असताना एका मोठ्या खेळाडूच्या रांगेत उभी होते, माझ्या पुढे तिघंच उरले होते आणि मला रांगेतून बाहेर काढलं. तेव्हा ठरवलं, आपल्या रांगेतून कुणी तसंच परत जायचं नाही.

मला आठवतंय ते. मीच काढलं होतं. त्या दिवशी ती हरली होती आणि मी म्हटलं होतं, हरलेल्याने सही मागायची नसते, सही द्यायच्या लायकीचं व्हायचं असतं. म्हणजे आज जी एवढी वाहवा होते, तिच्या मुळाशी मीच आहे. नाव घेतलं नाही तिने. लाजली असेल.

१२ मार्च

स्पर्धेच्या आयोजकांना ईमेल केला होता: खेळाडूचे वडील व प्रथम प्रशिक्षक, कृपया पास द्यावा. उत्तर आलं. खेळाडूने दिलेल्या कुटुंबीयांच्या यादीत एकच नाव आहे, आईचं. क्षमस्व.

ऑफिसातली चूक. फॉर्मवर एकच रकाना असणार.

तिकीट काढलं. वरच्या बाल्कनीचं मिळालं. वरून खेळ जास्त चांगला समजतो.

१५ मार्च

मालकांकडे पाच दिवसांची रजा मागितली. चष्म्याच्या दुकानात मार्च म्हणजे धावपळ, तोंड वाकडं केलंच. कारण विचारलं. म्हटलं, मुलगी येतेय. म्हणाले, "तुम्हाला मुलगी आहे?" अकरा वर्षं त्यांच्याकडे फ्रेम बसवतोय. मी घरचं बाहेर बोलत नाही, व्यावसायिक सवय.

नवा शर्ट घेतला. निळा. आरशासमोर हसायची प्रॅक्टिस. पहिली काही हसू रागावल्यासारखी दिसली. चेहऱ्याची ठेवणच तशी आहे, मी काय करणार.

१९ मार्च

टीम आली. हॉटेल शोधून काढलं. लॉबीत पाऊण तास बसलो. सिक्युरिटीवाल्याने दोनदा विचारलं, कुणाकडे आलात. दुसऱ्यांदा पाणी आणून दिलं. चांगला माणूस.

लिफ्टमधून सौ. आली. केस पांढरे झालेत, आखूड केलेत. मला बघून एकदम थांबली. मग आली, समोरच्या खुर्चीत टेकली. बीपी कसं आहे, गोळ्या वेळेवर घेता का, विचारलं. मी म्हटलं, चॅम्प कुठाय? म्हणाली, "तिला चॅम्प म्हणत नाही आता कुणी." मग म्हणाली, "अहो, परवा तिची मॅच आहे. तुम्ही इथे आला होतात हे मी तिला सांगणार नाही. तुम्हीही कळू देऊ नका. एवढं करा माझ्यासाठी."

बरोबर आहे. मॅचच्या आधी खेळाडूला एवढा आनंद एकदम देऊ नये, लक्ष विचलित होतं. सौ.ला खेळातलं बरंच कळायला लागलंय.

उठताना म्हणाली, "शर्ट छान आहे." नोंद असावी.

२१ मार्च

पहिली मॅच. वरच्या बाल्कनीतून ती केवढीशी दिसते. पण चाल तीच. सर्व्हिसच्या आधी चेंडू दोनदा टेबलावर टाकायची सवय तीच, मी लावलेली.

तोंड उघडायचं नाही असा ठराव होता. पहिला गेम जिंकली, मी गप्प. दुसराही जिंकली, मी गप्प. तिसऱ्यात बॅकहँड बाहेर जायला लागले, एक, दोन, तीन. माणसाने किती सहन करायचं? ओरडलो, "मनगट!"

हॉल शांत होता. फार घुमलं.

ती सर्व्हिस करत होती. चेंडू हातातून पडला, घरंगळत गेला. तिने वर बघितलं नाही. उजवं मनगट डाव्या हाताने धरून नुसती उभी राहिली. पंचांनी प्रेक्षकांना शांत राहायला सांगितलं. मागची बाई मला म्हणाली, "अहो काका, गप्प बसा ना."

तो गेम गेला. त्यानंतर मात्र दोन सलग घेऊन मॅच जिंकली. सूचना उशिरा का होईना, उपयोगी पडली.

२२ मार्च, दुपारी

अनोळखी नंबरवरून फोन. सौ. होती. आवाज शांत. आरडाओरड केली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

म्हणाली, "काल मॅचनंतर ती अर्धा तास बाथरूममधून बाहेर आली नाही. तेवीस वर्षांची पोर आहे, जग फिरलीय, आणि एका शब्दाने तिच्या हातातून चेंडू सुटला. तुम्हाला कळतंय का, तुम्ही कुठला शब्द ओरडलात?"

मी म्हटलं, ते तंत्र होतं. बॅकहँडला मनगट सैल पडतं तिचं. सौ.ने फोन ठेवला.

इथे लिहून ठेवतो, म्हणजे गैरसमज नको. सहा वर्षांपूर्वी ज्युनियरच्या फायनलला ती बॅकहँडवर हरली. घरी येऊन मी तिला हॉलमध्ये उभं केलं आणि पाचशे बॅकहँड मारायला लावले. कुठलाही कोच हेच करेल. थोडा ओरडलो असेन. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये मनगटाला बारीक चीर दिसली. चीर फायनलमध्येच पडली असणार. सूज आली होती म्हणे. मला काही सूज दिसली नाही. त्याच आठवड्यात सौ. तिला घेऊन मामाकडे गेली, थोडे दिवस विश्रांती म्हणून.

ठराव: उद्या तोंडातून ब्र काढायचा नाही.

२३ मार्च

उपांत्य फेरी. एका खांबाच्या मागे बसलो. रुमाल तोंडात धरला होता, खरंच. ती हरली. सातव्या गेमपर्यंत नेलं आणि हरली. माझा आवाजसुद्धा झाला नाही, तरी हरली.

लाउडस्पीकरवर सांगितलं, दहा मिनिटांत सह्या सुरू होतील. मी म्हटलं, आज कसली येतेय! एवढ्या जिवावरच्या मॅचनंतर कुणीही आत निघून गेलं असतं. दहा मिनिटांनी ती ओले केस बांधत आली, बसली, पेनाचं टोपण काढलं.

रांगेत शिरलो. लोखंडी कठड्यांमधून वळणं घेत जाणारी रांग. एका पोरीने प्रत्येकाच्या हातात चॅम्पचा फोटो छापलेलं कार्ड दिलं. बोलायचं पाठ होतं: आधी "छान खेळलीस," मग थांबायचं, मग तीच उठेल. मागच्यांना वेळ लागेल, पण लोक समजून घेतात.

पुढे एक माणूस आणि त्याची छोटी मुलगी. ती बापाच्या पायामागे लपत होती. तो म्हणत होता, "अगं सांग ना नाव, लाजतेस काय?" चॅम्प खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून आली, तिच्यासमोर उकिडवी बसली. कानात काहीतरी म्हणाली. पोरगी हसली. बापाने फोटो काढला, दोनदा थँक यू म्हणाला, मुलीला कडेवर घेऊन गेला. चॅम्प हरलेली होती की जिंकलेली, त्या पोरीला काही पडलेलं नव्हतं.

मग मी.

तिने वर बघितलं. दिवसाला चाळीस जोड्या डोळे मी जवळून बघतो. माणूस ओळखतो तेव्हा डोळ्यांत काय होतं ते मला कळतं. तिने ओळखलं. पापणी हलायच्या आत ओळखलं.

हसू होतं तेवढंच राहिलं. कमी झालं नाही. वाढलंही नाही.

म्हणाली, "काय नाव लिहू तुमचं?"

लहानपणापासून ती मला अरे बाबा म्हणायची. बाबा, तू ये ना. बाबा, तू बघ ना. ताई ओरडायची, बापाला अरे-तुरे काय करतेस म्हणून.

मला वाटलं, गंमत करतेय. मी हसलो. ती पेन धरून थांबली. मागे माणसं होती. मी नाव सांगितलं. नुसतं पहिलं. आडनाव कार्डावर तिच्या नावापुढे छापलेलंच होतं.

तिने लिहिलं. अक्षर सुंदर झालंय. खाली सही. कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं, उजव्या मनगटावर चिकटपट्टी होती. म्हणाली, "बराच वेळ उभं राहावं लागलं ना तुम्हाला? आलात, बरं वाटलं."

आणि मी म्हणालो, "थँक यू, मॅडम."

तिचे डोळे एक क्षण माझ्या शर्टाच्या बटनांवर थांबले. मग तिने मागच्या माणसाकडे बघितलं आणि त्याला नाव विचारलं.

२४ मार्च, रात्री ९

रजा होती तरी दुकानात गेलो. मालक म्हणाले, "मुलगी गेली?" म्हटलं, "हो."

काल घरी येऊन लिहिणार होतो की तिथे लाइट फार होते, डोळ्यांवर येत होते, तिला नीट दिसलं नसेल. लिहायला घेतलं, पण वाक्य पुढे गेलं नाही.

त्याऐवजी हे लिहितो. त्या दिवशी पाचशे नव्हते. मी मोजायचं सोडून दिलं होतं. ती म्हणाली होती, "बाबा, दुखतंय." तीनदा म्हणाली. मी म्हटलं, "दुखत नाही." सूज मला दिसली होती. दिवा लावून बघितली होती मी.

२६ मार्च

ताईचा फोन. टीम काल गेली म्हणाली. मला माहीत नव्हतं.

विचारलं, "भेटली का रे तुला?"

म्हटलं, "भेटली."

"बोलली?"

"हो. छान बोलली. अगदी आपुलकीने."

"काय बोलली?"

म्हटलं, "ताई, सगळ्यांशी बोलते ना, तसंच."

फोन दोघांनीही बराच वेळ ठेवला नाही.