पहार वाजली तिथे

८ फेब्रुवारी, मंगळवार

पठारावरचा चौथा खड्डा पुरा झाला — आणि हाच! आता दुसरा शोधायला नको. पूर्वेकडची भिंत सुरीने इतकी स्वच्छ उतरली आहे की पाहणाऱ्याला ती रंगवलेली वाटावी. वर वीतभर गर्द तपकिरी थर, कोइरोन गवताच्या मुळांनी विणलेला, बोटांत रव्यासारखा मोकळा होणारा. त्याखाली रंग फिकट, निम्म्याहून अधिक गोटे, आणि प्रत्येक गोट्याच्या पोटाला चुन्याचे पांढरे पुट. पाणी साचल्याचे गंजके डाग कुठेही नाहीत. बादलीभर पाणी ओतले. वाऱ्यात सिगारेट पेटायच्या आत ते दिसेनासे झाले. निचरा — उत्तम. वर्गीकरणाबद्दल शंका उरलेली नाही : थंड गवताळ प्रदेशातली काळसर माती, मुरमाड उपप्रकार. नाव या कुरणाचेच द्यायचे — ला पोर्फियादा. माझे वर्गीकरण तपासायला समिती येईल तेव्हा तिला बोट ठेवायला जागा सापडणार नाही.

खणायला मालकाने बार्रियाला दिले होते. पठाराच्या पायथ्याशी जे लांबचे ठाणे आहे, तिथला हा मेंढक्या. एक मीटरला पोहोचल्यावर त्याची पहार वाजली — खणखणीत.

“बाई, खाली काहीतरी लागतंय. घेऊ अजून हातभर?”

“नको. वर्णन एक मीटरपर्यंतच करायचं असतं. त्याखाली आहे ती माती नव्हे.”

“मग काय आहे?”

मी वहीत खोली लिहिली. आणखी खणले असते तर भिंत ढासळली असती.

संध्याकाळी माझ्या मृदाशास्त्रातल्या पदवीमुळे मला डॉक्टर म्हणणारे मालक इवो मार्तिनिच विचारत होते, “डॉक्टर, मेंढरं बुडवून झाली की हौदातलं खरुजेचं औषध ओतायचं कुठं? जुन्या जागी डबकं साचतं. आठवडाभर वास जात नाही.” मी पठार दाखवले. “माझ्या खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर चर काढा. थेंब उरणार नाही.”

९ फेब्रुवारी

दुपारी मोठ्या घरात सगळे रेडिओला चिकटलेले. रानात राहणाऱ्यांसाठी शहरातून निरोप वाचतात. “एल साउसेच्या उर्बानोस : आईचा दात काढला, काळजी नसावी.” “फाउस्तिनोस : बायको माहेरून परतली आहे, आता तूही ये.” सगळा प्रांत ऐकतो आणि सगळा प्रांत हसतो. घरातल्या गोष्टी अशा वाऱ्यावर वाळत घालायच्या! माझ्यावर ती पाळी येण्यापेक्षा मरण बरे.

१७ फेब्रुवारी

मेंढरांना खरुजेच्या औषधात बुडवण्याचे काम आज संपले. हौदाच्या काठावर बार्रिया आकडीच्या काठीने एकेकीचे डोके पाण्याखाली दाबत होता आणि इवो ओरडत होते, “माझ्या सासूलाही घाल रे एकदा! तिचीही खाज जाईल!” नंतर हौद उपसून सगळे औषध पठारावरच्या चरात सोडले. जमिनीने ते घटाघटा गिळले. वर नुसते ओले गोटे उरले. इवोंनी माझ्यासमोर टोपी काढली.

मी फक्त मान हलवली. पण सुखावले होते, हे इथे तरी लिहावे.

२० फेब्रुवारी

खालच्या ठाण्यावर गेले. झरा ठाण्याच्या दारातच आहे, पठाराच्या पश्चिम उताराखाली. बार्रियाची बायको ओतिलिया नेहमी त्याच पाण्याचा माते — इथला कडवट चहा — करून पुढे करते. आज किटली चुलीवर नव्हती. त्यांची कुत्री नियेब्ला पहाटे मेली होती. तोंडाला फेस, पाय ताठ.

“कोल्ह्यांसाठी टाकलेलं आमिष खाल्लं असेल हो,” ओतिलिया म्हणाली. “एवढी हुशार, पण जिभेपुढे अक्कल काय करणार? आमच्या ह्यांच्यावरच गेली होती.”

“ऐकतोय मी,” बार्रिया म्हणाला.

“ऐका की! मेलेलीबद्दल वाईट बोलू नये, म्हणून तुमच्याबद्दल बोलते.”

दोघे हसले. मग ओतिलियाने एप्रनच्या टोकाने डोळे पुसले, आणि मला पेलाभर पाणी आणून दिले. झऱ्याचे. मी पेला हातात धरून बसले. तिने पाहू नये म्हणून दोन घोट घेतले आणि उरलेले दाराबाहेर टाकले.

पठारावर ओतलेले औषध गेले कुठे? इतके दिवस हा प्रश्न मला पडला नव्हता.

२१ फेब्रुवारी

पहार वाजली होती. मी ऐकले होते.

२२ फेब्रुवारी

झोप नाही. चुन्याने सांधलेला कठीण थर खाली असणार. पाणी त्यावरून घसरत जाणार, आणि जिथे तो उघडा पडतो तिथे बाहेर येणार. म्हणजे ओतिलियाच्या दारात.

खणून पाहायला हवे, हे कळते. पण समिती तीन मार्चला येते आहे. भिंत एकदा फुटली की तशी पुन्हा उतरणार नाही. आणि खणायची गरजही नाही. पठार झऱ्याकडे उतरते, मग खालचा थरही तिकडेच उतरणार. हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सांगेल.

दुपारी ठाण्यावर जाऊन सांगितले — झऱ्याचे पाणी बंद. पठारापलीकडे पवनचक्कीची विहीर आहे, तिथून आणा. या दिवसांत त्या कुरणात मेंढरे नसतात, तिथला त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा हौदही कोरडा असतो. विहीर कोणी वापरत नाही. पाणी मी जानेवारीत तपासले होते, चांगले होते.

“का हो बाई? झऱ्याला काय झालं?”

आता सांगायचे! तोंड उघडलेही.

“उन्हाळ्यात झऱ्यात जंत होतात.”

जंत! नकाशावरच्या एका रेषेसाठी सहकाऱ्यांशी महिनाभर भांडणारी मी — आणि जंत.

ओतिलियाने मान डोलावली. “तुम्ही सांगताय म्हणजे तसंच असणार. पवनचक्की लांब आहे खरी, पण ह्यांचं पोटही सुटलंय. जाऊ दे दोन डबे घेऊन.”

“तुझी जीभ सुटलीय तिचं काय?” बार्रिया म्हणाला, आणि लगेच डबे शोधायला उठला.

२५ फेब्रुवारी

बार्रियाबरोबर ओतिलियाने तळलेल्या पोळ्या पाठवल्या, कापडात बांधून, अजून ऊबदार. “म्हणते, नव्या पाण्यातल्या आहेत, आमची काळजी घेतली म्हणून.” एक तुकडा तोंडात घातला. वाऱ्याकडे पाठ करून थुंकला.

इवोंना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “अहो, कुत्रं आमिषाने मेलं. दरवर्षी एखादं मरतं. झरा तुम्ही बंद केलात, झालं की! आता कशाला उकरून काढता?”

उकरून काढायचे तेच तर मी केले नव्हते. पण त्यांच्या बोलण्याने मला हायसे वाटले. त्याचीही आता लाज वाटते.

२८ फेब्रुवारी

ओतिलिया आजारी. ओकाऱ्या, हातापायांना कंप, तोंडातून सारखी लाळ. दिवसभर रानात असणारा, म्हणूनच की काय ठणठणीत असलेला बार्रिया दारात उभा, मेंढरे सोडून जाता येईना. मी तिला जीपमध्ये घालून शहराकडे निघाले. वाटेत तिने माझी बाही घट्ट धरून ठेवली होती.

“बाई, झरा वेळेवर बंद केलात. नाहीतर आज मी कुठली वाचते!”

झऱ्याचे विष आधीच अंगात भिनले असणार, मी बंद करायच्या आत — असे मी स्वतःला समजावत होते. आणि गाडी चालवत होते.

१ मार्च

वाचेल. डॉक्टर तरुण आहे, केस अस्ताव्यस्त, पण हुशार. “मेंढरांच्या औषधाशी संबंध आला असेल,” एवढेच मी सांगितले. तेवढ्यावर त्याने सुई टोचली आणि तासाभरात तिची थरथर उतरली.

ओतिलियाने त्याला झऱ्याचे सांगितले असावे; बाहेर आल्यावर त्याने मला विचारले, “त्या झऱ्याचं पाणी कधी सोडलं त्यांनी?”

“आठवड्यापूर्वी.”

“मग झरा नव्हे. हे विष आठवडाभर दडून बसत नाही. काल-परवा काय प्यायल्या त्या?”

“पवनचक्कीचं पाणी.”

“चांगलं आहे?”

“मीच सांगितलं होतं प्यायला.”

त्याने मान हलवली आणि पुढच्या खाटेकडे गेला. परतीच्या रस्त्यावर वारा एवढा की जीप धरवेना. मला दोन शब्दच ऐकू येत होते — काल-परवा.

२ मार्च, सकाळ

उजाडताच खड्ड्यात उतरले. पहार उचलली आणि भिंत फोडली. ती रंगवलेली भिंत! वरची काळी माती, फिकट गोटे, चुन्याची पुटे, सगळे माझ्या बुटांवर. तळाशी पहार वाजली, तशीच. थर उघडा केला. पांढरा, कठीण, ओला. नाक जवळ नेले — हौदाचा वास.

त्यावर बाटलीतले पाणी ओतले. पाणी वळले. झऱ्याकडे नाही. पूर्वेला गेले, पवनचक्कीकडे. आणखी दोन ठिकाणी खणले. तिथेही पूर्वेलाच.

वरची जमीन एकीकडे उतरते आणि खालची दुसरीकडे. झरा स्वच्छ होता. कुत्री खरोखरच आमिषाने मेली. चांगल्या पाण्यावरून उठवून मी ओतिलियाला विषाच्या पाण्यावर नेऊन बसवले.

ठाण्याकडे धावले. दाराला कडी. मोठ्या घरी इवो म्हणाले, “बार्रिया? मेंढरं दुसऱ्यावर सोपवून पहाटेच गेला लोकरीच्या ट्रकने, बायकोला भेटायला. पवनचक्कीचे दोन डबे भरून नेलेत. शहरातल्या पाण्याला वास येतो म्हणे, तिला डॉक्टरीणबाईंचंच पाणी पाहिजे.”

इथल्या बिनतारी यंत्रावरून रुग्णालय लागत नाही, लागते ते फक्त रेडिओ केंद्र; ट्रकवाले ते ऐकतात.

“निरोप द्या की,” इवो म्हणाले. “पण नाव घालू नका. ‘पाणी देऊ नये’ एवढं बास. समिती उद्या येतेय, डॉक्टर. सगळा प्रांत ऐकेल.”

नावाशिवाय तो ऐकणार नाही. हे पाणी त्याने माझ्या शब्दावर भरले आहे. फेकायलाही माझाच शब्द लागेल.

२ मार्च, दुपार

केंद्राला सांगितला तो निरोप, जसाच्या तसा :

“ला पोर्फियादाच्या अबेलार्दो बार्रिया यांस, लोकरीच्या ट्रकमध्ये किंवा रुग्णालयात. डब्यांतलं पाणी ओतिलियाला देऊ नका. तुम्हीही पिऊ नका. हौदातलं विष पवनचक्कीच्या विहिरीत उतरलं आहे. ते ओतायची जागा मी दाखवली होती. त्या विहिरीवर तुम्हाला मीच पाठवलं. झरा चांगला होता. — डॉ. एल्विरा सागास्ती.”

“तीनदा वाचा,” मी म्हटले.

पलीकडच्या मुलीने विचारले, “नावासकट?”

“नावासकट.”

३ मार्च

समितीची गाडी अंगणात लागली आहे. सगळे आत रेडिओभोवती. मी दारातच उभी होते तेव्हा रेडिओवर निरोप आला : “ला पोर्फियादाच्या डॉक्टरीणबाईंस. डबे वाटेतच ओतले. म्हातारी उठून बसली आहे. विचारते — झरा चांगला होता, तर मग ते जंत कुठले? — बार्रिया.”