आकडा पुकारणं

मंगळवार, १२ जुलै १९९४. उमापूर

हेड ऑफिसचा फॉर्म आला होता: ग्राहकांना बँकेकडून काय हवं? कॉम्प्युटर, पंखे असं लिहून मोकळा होणार होतो. तरी खिडकीशी आलेल्या बांगड्यावाल्या यमुनाबाईंना विचारलं.

"काम्पुटर आणा न्हाईतर नका आणू, सायेब. पण माजा आकडा काहून वरडता? दारातल्या बाकावर माजा दीर बसलेला असतो. मी घरी पोचायच्या आत त्यो पैसे मागायला हजर!"

अकरा वर्षं कॅशिअर आहे. घोटाळा नको म्हणून नाव आणि रक्कम खणखणीत पुकारतो. त्या आवाजाचा केवढा तोरा मला! बाकावरची माणसं खात्यात दमडी नसताना रोज कशाला येऊन बसतात, हे कधी विचारलं का मी?

मॅनेजरसाहेब म्हणाले, "जुनी पद्धत आहे, राहू द्या." नाही राहू देणार. उद्यापासून फक्त टोकनचा नंबर पुकारीन, रक्कम खिडकीशी हळूच सांगीन. फॉर्मवरही तेच लिहिलं. बसा म्हणावं बाकावर.

आणि आमच्या हिनं माझी बँक सोडून पोस्टात खातं का काढलं, तेही आज कळलं.