मागं भैरोबा हाय

तीर्थरूप आप्पा,
सोनारीच्या भैरोबाकडं तोंड करून तुमच्या तलाठीण लेकीचा नमस्कार.

मी खुशाल हाय. आईचा गुडघा कसा हाय?

लहानपणीचा माळ लई आठवतो. लांडग्याची चाहूल लागली तरी तुम्ही मेंढरांच्या म्होरं शांत चालायचात. म्हणायचात, "मागं बघू नगं पोरी, मेंढरं बिथरत्यात. मागं भैरोबा हाय."

परवा वाळूचोरांचा ट्रॅक्टर धरायला गेले, तर वीसेक माणसं वाट अडवून उभी. तुम्ही दिलेल्या पुडीतला भैरोबाचा अंगारा कपाळाला लावला आन चालत ऱ्हायले. माणसं बाजूला सरली, ट्रॅक्टर धरला.

तवापासून रोज एक मोटारसायकल माझ्या मागं येती. मी वळून बघत न्हाय.

आप्पा, खरं सांगा, तुम्ही कधी बघायचात का?

तुमच्या कळपातली,
वर्षाराणी