रानपाखराचं विम्याचं पार्सल

२२ डिसेंबर १९८५, रविवार. सकाळ.
नवी वही. मागच्या वह्या अर्ध्यावर राहिल्या, त्याला कारण त्यांचा कागद. हा कागद गुळगुळीत आहे.
संकल्प: रोज लिहिणे. रोज एक कविता. चहा एकदाच.
आज मोठा निर्णय घेतला. वनश्रीची पहिली संक्रांत आली. लग्नात भर मांडवात सगुणानं विहीणबाईंना शब्द दिला होता की माझ्या गळ्यातली एकदाणी पहिल्या संक्रांतीला लेकीच्या गळ्यात दिसेल. सोन्याच्या मण्यांची एकच सर, पण माझ्या आईची. ती आता चंद्रपूरला पोचली पाहिजे. सगुणा म्हणते, मीच जाते, कमरेच्या पिशवीत घालून. मी म्हणालो, रेल्वेत चोर असतात. पोस्टानं पाठवू, विमा उतरवून. सरकार जबाबदार. तर म्हणाली, सरकार काय हळदीकुंकवाला येणार हाये का.
उत्तर सुचलं, पण तोवर ती भाकरी थापायला बसली होती.
मी स्वतः चंद्रपूरला का जात नाही, हे इथं नमूद करतो: थंडी. दुसरं कारण नाही.

त्याच दिवशी, दुपार. दुसरा चहा. (सकाळचा फार पातळ होता, तो धरलेला नाही.)

२३ डिसेंबर
दुसरं कारण असतंच तर नावाचं असतं. पण नाही.
कुंभार पिंपळगावच्या शाळेत कडुनिंबाखाली गुरुजी चाल लावून कविता म्हणायचे, आम्ही मागून म्हणायचो, आणि वरून निंबोळ्या पडायच्या. एका कवितेत वनश्री आली. मी तिथंच ठरवून टाकलं की मुलगी झाली तर हेच नाव. तेव्हा मी तिसरीत होतो. एवढा जुना संकल्प पाळणारा माणूस जालना जिल्ह्यात दुसरा दाखवा.
आणि सासरच्यांनी काय केलं? तांदळाच्या ताटात अंगठीनं भलतंच नाव गिरवून घेतलं. ते नाव या वहीत कधीही येणार नाही. संकल्प. पोर मुकाट्यानं सोसून राह्यली आहे. पत्राखाली नुसतं ‘तुमची लेक’ एवढंच लिहिते. दुःख लपत नाही.

२४ डिसेंबर
पोस्टात गेलो. काउंटरवर काकासाहेब नावाचे क्लार्क. त्यांनी नियम सांगितले. डबी कापडात शिवायची. प्रत्येक शिवणीवर लाखेचा शिक्का. शिक्का स्वतःच्या खुणेचा, नाणं किंवा बटण चालणार नाही. पत्त्यात खाडाखोड नको. किंमत आकड्यात आणि अक्षरी.
ऐकताना अंगावर काटा आला. हे तर वृत्ताचे नियम! गण चुकला की ओळ गेली. काकासाहेबांना तसं समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, पुढचा माणूस.
सराफ्यात एका कारागिराला पितळी शिक्का सांगितला. खूण: उडतं पाखरू. खाली माझं टोपणनाव, रानपाखरू. दाल मिलमध्ये आयुष्यभर हिशेब लिहिले ते सर्जेराव उढाण यांनी. कविता लिहितो तो रानपाखरू. जालन्यातल्या आमच्या अख्ख्या मस्तगड वस्तीला ठाऊक आहे.

२८ डिसेंबर
शिक्का आला. सुरेख. पंख, चोच, सगळं आहे. सगुणा म्हणाली, कोंबडी हाये. पुन्हा बघितली नीट, म्हणाली, खुडूक कोंबडी हाये.
सराव म्हणून काडेपेटीवर शिक्का मारला. मग पानाच्या डब्यावर. मग लोणच्याच्या बरणीवर. काय ठसा उठतो! संध्याकाळी लोणचं काढता येईना. सगुणानं बत्त्यानं लाख फोडली. कलेची कदर नाही.

३० डिसेंबर
पार्सल सीलबंद.
सगुणानं एकदाणी गळ्यातून काढली, पदरानं पुसली, कापसात ठेवली. मग पांढऱ्या मांजरपाटात डबी शिवली, अशी बारीक की दोरा दिसू नये. एकदाणीच्या खाली मी कविता ठेवली होती. त्यातल्या दोन ओळी इथं:
जा ग एकदाणी, ओलांड रान नि गाव,
सांग तिला हळूच तिचं खरंखुरं नाव.
लिहिताना डोळे भरून आले. नंतर लाखेच्या धुरानंही आले.
लाख वितळवताना बोट भाजलं. धोतराचा सोगा पार्सलला चिकटला. ओढून निघेना, कापावा लागला. एका शिवणीवर सोग्याचा तुकडा राहून गेला, पण त्यावरही ठसा उत्तम आहे.
पत्त्याबद्दल. सगुणाला अक्षर लावून लावून वाचता येतं, चष्म्याशिवाय तेही नाही. तिनं बजावलं, नाव सासरचंच घाला, पुढं जावयाचं नाव, आडनाव, बिलकुल गडबड नको. मी तसंच मोठ्यानं म्हणत लिहिलं. लिहिलं मात्र: चि. वनश्री, वनखात्याची वसाहत, चंद्रपूर.
हे खोटं नाही. म्हणणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे कवितेत चालतं. शिवाय आडनाव घातलं असतं तर लय मोडत होती.

१ जानेवारी १९८६
पार्सल रवाना! काकासाहेबांनी उलटंपालटं करून बघितलं. सोग्याच्या तुकड्यापाशी थांबले. पाठवणाऱ्याचं नाव वाचून विचारलं, हे नाव का? मी म्हणालो, हेच. त्यांनी माझ्यामागची रांग बघितली आणि वजन करून पावती फाडली. पावतीवर सरकारी अक्षरात ‘रानपाखरू’. मान्यता मिळाली म्हणायची.
पार्सल आत गेलं तेव्हा वनश्रीची पाठवणी आठवली. मी तिथंच डोळे पुसले. मागच्या माणसानं विचारलं, मनीऑर्डर हरवली का बाबा.
संकल्प: या वर्षी कवितासंग्रह. नाव: ‘लाखेचे पंख’.

६ जानेवारी
पोचलं असणार.

९ जानेवारी
नक्की पोचलं.

१४ जानेवारी, संक्रांत
काळी साडी, हलव्याचे दागिने आणि मधोमध माझ्या आईची एकदाणी. मला इथून स्वच्छ दिसतं आहे. विहीणबाई म्हणतात, वा. पोर कविता वाचते, ओठ हलतात, आपलं नाव स्वतःशीच म्हणते.
सगुणा सुगडं घेऊन मारुतीच्या देवळात गेली. आल्यावर म्हणाली, बायांनी गळा रिकामा का म्हणून विचारलं. तिनं म्हणे ताठ मानेनं सांगितलं, लेकीला पाठवली, विमा उतरवून.
विमा हा शब्द तिनं पहिल्यांदाच अभिमानानं उच्चारला. बदल होतो आहे.
तिळगूळ भरपूर. चहा मोजला नाही, सण आहे.

१८ जानेवारी
लेकीचं कार्ड. संक्रांत चांगली झाली. एकदाणी नाही जमली तर आईनं मनाला लावून घेऊ नये, सासूबाईंना काहीतरी सांगितलं आहे.
मी हे सगुणाला वाचून दाखवलं. ‘नाही जमली’ हे शब्द गाळून वाचायचा प्रयत्न केला, पण वाक्य पुढं जाईना. सगुणा उठून अंगणात गेली, तुळशीपाशी उभी राहिली. हात गळ्यापाशी गेला. तिथं काही नव्हतं.
आज चहा नाही. मी मागितलाही नाही.

२१ जानेवारी
भिवा पोस्टमन आला. पार्सल परत आलंय, पत्ता तुमच्याच घरचा हाये, म्हणाला, चला आबा, सही करून घेऊन जा. तिकडच्या माणसानं त्यावर पेन्सिलीनं शेरा मारला आहे, तो भिवानं पाठच केला होता: ‘या नावाचे कोणी राहत नाही. या नावाची खात्याची रोपवाटिका आहे, ती कुलूपबंद असते.’
भिवा हसला. मग सगुणाचं तोंड बघून सायकल घेऊन निघून गेला.
सगुणानं विचारलं, पत्त्यावर काय लिहिल्तं. मी सांगितलं. ती वळून भांडी घासायला बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
तरी सरकारी यंत्रणा पाहा, एक मणी हलला नाही. मी म्हणतच होतो.

२२ जानेवारी
सकाळ. पार्सल आणायला निघालो. दहा मिनिटांचं काम.
संध्याकाळ. मिळालं नाही.
काकासाहेब म्हणाले, पावती रानपाखराच्या नावाची, पार्सल रानपाखराला मिळेल, तो कुठं आहे. मी म्हणालो, मी. रांगेतली माणसं हसली. रेशन कार्ड दाखवलं. त्यावर सर्जेराव. काकासाहेब म्हणाले, ह्या सर्जेरावाला मी रानपाखराचं सोनं कसं देऊ, उद्या रानपाखरू आला तर माझी नोकरी जाईल. दोन्ही नावांनी ओळखणारा साक्षीदार आणा. भिवाला हाक मारली. तो म्हणाला, मी यांला दाल मिलवाले आबा म्हणून वळखतो, पाखराचं म्हाईत न्हाई.
मस्तगडात घरोघर विचारलं. सलूनवाला, पिठाची गिरणी, देवळाचा पुजारी. कोणीही रानपाखरू हे नाव ऐकलेलं नाही. लोकांचं वाचन फारच कमी झालं आहे.
राहता राहिली सगुणा.

२३ जानेवारी
हा दिवस सविस्तर लिहितो.
सगुणा नऊवारीवर नवी शाल घेऊन काउंटरपुढं उभी राहिली. काकासाहेबांनी विचारलं, बाई, हे कोण? म्हणाली, आमच्या घरचे. नाव? गप्प. नाव सांगा बाई. तिनं पदर तोंडाला लावला. माझ्या ध्यानातच नव्हतं. लग्नात उखाणा घेतला तेवढाच, त्यानंतर ह्या बाईनं माझं नाव कधी तोंडातून काढलेलं नाही. ‘अवो’ आणि ‘आमचे हे’ यांवर संसार झाला.
रांग खोळंबली. मागून कोणी म्हणालं, मावशी, नाव न्हाई घेत तर उखाणा घ्या. सगळ्यांनी ते उचलून धरलं. काकासाहेबांनी सुद्धा पेन खाली ठेवला.
सगुणानं शाल सारखी केली आणि खणखणीत आवाजात घेतला:
“एकदाणी गेली चंद्रपूरला, टपालानं आली माघारी,
सर्जेराव झाले रानपाखरू, निस्तरायचं आलं माझ्या पदरी.”
पोस्टात टाळ्या! मनीऑर्डरच्या खिडकीपासून आतल्या तारयंत्रापर्यंत. काकासाहेब म्हणाले, दोन्ही नावं आली, बराबर आहे, अंगठा नको बाई, सही करा. पार्सल तिच्याच हातात दिलं.
आणि मला काय झालं म्हणून सांगू. सर्जेराव. तिच्या तोंडून. इतकं वजनदार नाव माझं आहे, हे मला कळलंच नव्हतं. ‘पुन्हा एकदा घे’ म्हणालो, तर तिनं कोपर मारलं.
ऑटोत तिनं लाख दातानं फोडली आणि एकदाणी गळ्यात घातली. मी अजून तरंगत होतो. म्हणालो, सासरच्यांनी पोरीचं नाव बदललं नसतं तर हे काहीच झालं नसतं.
सगुणा रस्त्याकडं बघत म्हणाली, “त्यांनी न्हाई बदललं. विहीणबाई म्हणल्या होत्या, हाये तेच ठिवू. तिनंच सांगितलं, नंदा लिहा. शाळेत पोरी तिला रानडुक्कर म्हणायच्या, रडत घरी यायची. तुमी कवितेत असायचे.”
नंदा. वहीत आलं.

२५ जानेवारी
सगुणा गाडीनं चंद्रपूरला गेली. एकदाणी गळ्यात, वर पदर, त्यावर शाल. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, शब्द अजून पाळता येतो. चोरांविषयी पुन्हा बोललो. म्हणाली, चोराला रोपवाटिकेत पाठवते.
स्टेशनवरून चालत आलो. थंडी अशी काही विशेष नव्हती.

२ फेब्रुवारी
स्वतःच्या हातानं भाकरी. गोल नाही. आठवत बसलो: नंदा, म्हणजे वनश्री, शाळेतून आली की दप्तर फेकायची. मी म्हणायचो, हळू, वही फाटेल.
कविता नाही.

१७ फेब्रुवारी
सगुणा परत आली. गळा रिकामा, चेहरा भरलेला. एकदाणी नंदानं सगळ्या बायांपुढं घातली. विहीणबाई म्हणाल्या, शब्दाची माणसं. मग पोस्टातला उखाणा सगुणाला तिथंही घ्यावा लागला, दोनदा. म्हणजे माझं नाव चंद्रपुरातही झालं.
माझी कविता? आहे, म्हणाली, पोरीनं पेटीत ठेवलीय. मी विचारलं, काही बोलली का.
सगुणा म्हणाली, “म्हणली, आबाला सांग, पत्राच्या वर नंदा लिवा, म्हंजी पोचतं. आत मला काहीबी म्हणा.”
मी उठून खोलीत आलो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
लगेच पत्र लिहायला बसलो. फडताळात एकच मिळालं. नवा टाक, उत्तम शाई, अक्षर मोत्यासारखं. वर लिहिलं: सौ. नंदा, पुढं जावयाचं नाव, आडनाव, वनखात्याची वसाहत. खाडाखोड नाही. पाठवणार: सर्जेराव उढाण. मग आतल्या बाजूला ‘प्रिय वनश्री’ म्हणून सुरुवात करावी, म्हणून उलटवलं.
पोस्टकार्ड आहे. कार्डाला आत नसतं.