आपल्या चिरंजीवांच्या यंत्राविषयी

आदरणीय व्याहीबुवा,

नमस्कार. आपल्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. आळस म्हणू नये. उजव्या हाताचा अंगठा सुजला होता, आणि तो कशानं सुजला तेही पुढे येईलच. आपला दमा कसा आहे? विहीणबाईंच्या गुडघ्यांना मी विचारलं म्हणून सांगा (दोन्हींना). हे पत्र मुलीला न दाखवता लिहितो आहे, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाचं सांभाळून घ्या. मी शाळेत फार टिकलो नाही, हे लग्न ठरवताना आपल्याला सांगितलं होतंच.

आपण लिहिलंत की लोखंडी सामानाचं दुकान आता झेपत नाही, तरी मुलाला आणि सूनबाईला कायमचं परत पाठवा, तो गल्ल्यावर बसेल. आपला मुलगा, आपलं दुकान, मी कोण अडवणारा? खुशाल न्या. पण माल देताना त्यातली खोट आधी सांगावी, अशी आमच्या गॅरेजची रीत आहे (जुन्या गाड्या विकताना ती पाळता येत नाही, निदान जावयाच्या बाबतीत तरी पाळावी म्हणतो).

तर ऐका. बंद पडलेली गाडी गॅरेजात इकडून तिकडे न्यायची तर आमची साधी पद्धत होती. रंगारी आणि वेल्डर मागून ढकलायचे, आपले चिरंजीव बाजूनं खांदा लावायचे आणि मी आत बसून स्टिअरिंग धरायचो व सूचना द्यायचो. वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. माझी कंबर तर एकदाही दुखली नाही. पण वेल्डरची धरली, तसे चिरंजीव म्हणाले, "मामा, माणसांनी कशाला ढकलायचं? यंत्र करू." मी म्हटलं, "पगार देतो ना? त्यात ढकलणं आलं." पण चिरंजीव ऐकून घेतात फार नम्रपणे आणि करतात मनातलंच. हा गुण कोणाकडून आला ते आपणच जाणता. विहीणबाई तर तशा नाहीत.

मग भंगारातून मालवाहू रिक्षाचं इंजिन आलं, एका मेलेल्या मोटारीचा मागचा एक्सल आला, आणि बसायला माझी खुर्ची गेली. (मी विचारलं, "माझी खुर्ची कुठाय?" वेल्डर म्हणाला, "वेल्ड झाली, मालक.") एका टोकाला लोखंडी पाळणा केला. बंद गाडीची पुढची चाकं त्यात चढवली की गाडी निमूट मागून येते, आत बसून स्टिअरिंग धरायला कोणी लागत नाही. कोणी म्हणजे मी. हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे शहाण्यासारखे यंत्राच्या मागे उभे राहिलो, कारण पुढे उभं राहणं धोक्याचं. चिरंजीवांनी पहिला गिअर टाकला आणि यंत्र मागे आलं. आमच्या अंगावर. रंगारी टायरांच्या ढिगावर चढला. मी बाहेर पळायचं दार समजून हत्यारांचं कपाट उघडलं आणि आत शिरलो. अंगठा तिथलाच. झालं होतं असं, की एक्सल बसवताना खालची बाजू वर गेली होती, त्यामुळे यंत्राला मागे जायला चार गिअर आणि पुढे जायला एकच, तोही रिव्हर्सचा. एखादा शरमेनं मान खाली घालता. चिरंजीव म्हणाले, "मामा, यंत्र बरोबर आहे, आपण उलटे बसलो." आणि त्यांनी खुर्ची फिरवली, पाळणा या टोकाचा त्या टोकाला नेला. आता फक्त डावीकडे जायचं तर उजवीकडे वळवावं लागतं, एवढंच.

त्याच आठवड्यात शाळेच्या मोठ्या बाई गाडी न्यायला आल्या. गाडी तयार नव्हती (मी "तयार आहे" म्हणून कळवलं होतं, ते वेगळं). बाई सीटखाली पडलेला चष्मा शोधायला मागच्या बाजूला शिरल्या, आणि चिरंजीवांनी आत न बघताच गाडी पाळण्यात चढवून ओढायला घेतली. वळायचं होतं रंगाच्या खोलीकडे, वळले रस्त्याकडे. बँकेसमोरून, औषधाच्या दुकानाला वळसा घालून वरात पुन्हा दारात, आणि मी मागून बोंबलत धावतोय. बाई उतरल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "छान झालंय काम. इंजिनाचा आवाज आता गाडीत येतच नाही, बाहेरच राहतो." चिरंजीवांची पाठ थोपटली. माझी नाही, आणि धावलो मी होतो.

आता आपणच विचार करा. आपल्याकडे खिळे तोलायचा काटा आहे. हा माणूस गल्ल्यावर बसला की महिन्याभरात तो काटा चालू लागेल, आणि तोही उलट्या बाजूला. दमा सांभाळून आपण त्याच्यामागे कुठवर धावणार? तरी न्यायचंच असेल तर माझी ना नाही.

आपला,
व्याही

ता. क. वेल्डरची कंबर सुधारली. पलीकडचा गॅरेजवाला असंच यंत्र मागायला आला होता. मी त्याला सांगितलं, यंत्र विकायचं नाही आणि जावई भाड्यानं मिळत नाही. हे वरच्या मजकुराशी जुळत नसेल तर वरचा मजकूर सोडून द्यावा.

पुन्हा ता. क. आता खरं लिहितो. आपण बोलावलंत तर तो येईल. रोज विचारतो, "मामा, बाबांना काय कळवू?" मी म्हणतो, "मी लिहितोय." वडिलांना नाही म्हणणं त्याला जमत नाही. इतकं चांगलं वळण लावायची काय गरज होती? तेव्हा "तूर्त येऊ नको" हे आपल्याच हातून यायला हवं, आणि त्यात माझं नाव नको. दुकानाला माणूस मी शोधून देतो. वेल्डरचा मेव्हणा रिकामाच आहे, आणि त्याला यंत्रांची आवड नाही. मुलीनं माझे औषधांचे डबे रंगवून ठेवलेत, सकाळचा तांबडा, रात्रीचा निळा, एकट्याला कळावेत म्हणून. आणि तो मला यंत्र चालवायला शिकवतो आहे. म्हणतो, "मी गेल्यावर तुमचं अडायला नको." यंत्र इतकं गुणी आहे की मुलगीसुद्धा चालवते. मी मात्र रोज मुद्दाम भिंतीला धडकवतो, म्हणजे शिकवणी संपायची नाही. पण भिंत जुनी आहे, व्याहीबुवा, फार दिवस धरणार नाही. लवकर कळवा.